फळांना विचारावयाचा प्रश्न



या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल आभार मानताना माझ्या मनात जबाबदारीची जाणीव सर्वांत प्रबळ आहे. कारण ज्या विषयाभोवती आपण यंदाची चर्चासत्रे गुंफली आहेत, त्या विषयावर गेल्या काही वर्षांत इतके बोलले, छापले आणि विकले गेले आहे, की त्यातले खरे किती आणि फाजील किती याची रुजुवात कोणीतरी शांतपणे घालणे अगत्याचे झाले आहे, आणि आयुष्याची छत्तीस वर्षे फळांच्या साली कुटण्यात व जीवाणूंच्या काचबशा न्याहाळण्यात घालवलेल्या माणसाने ते काम टाळले, तर ती कर्तव्यच्युती होईल.

निमंत्रणपत्रिकेवर विषय असा छापला आहे : जठरातील जीवाणूंच्या संसर्गावर औषधी फळांचे अर्क हा प्रतिजैविकांना पर्याय. यातील ‘पर्याय’ या शब्दापाशीच मी अडतो. पर्याय म्हणजे एकाच्या गादीवर दुसऱ्याला बसवणे. आणि गादीवर बसवायचे म्हटले, की आधीच्या अंमलदाराची सर्व कामे नव्याने जशीच्या तशी उचलावीत, ही अपेक्षा ओघानेच येते. मग हिरडा पेनिसिलिनासारखा जंतू मारतो काय, कोकम क्लॅरिथ्रोमायसिनाची बरोबरी करते काय, असले प्रश्न आपण विचारू लागतो. फळ त्या परीक्षेत उत्तीर्ण झाले तर टाळ्या पिटतो, आणि अनुत्तीर्ण झाले तर तो निबंध फडताळात टाकून देतो. माझे आजचे सारे म्हणणे एवढेच आहे, की फळाला जे काम उत्तम येते त्याविषयी आपण त्याला आजवर फारसे विचारलेलेच नाही.

माझे बालपण राजापुराजवळच्या एका खेड्यात गेले. घरात तान्हे मूल असले, की त्याचे न्हाणे उरकल्यावर आजी सहाण पुढे ओढी आणि आईच्या दुधात हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, मायफळ, वेखंड, जायफळ अशी एकेक वस्तू उगाळी; आणि प्रत्येक वस्तूचे वळसे ठरलेले असत. हिरड्याचे दोन, मुरुडशेंगेचा एक, जायफळाचा जेमतेम अर्धा, कारण त्याने मूल सुस्तावते. आणि मूल महिन्याचे असताना जे प्रमाण, ते सहाव्या महिन्यात राहत नसे. (मायफळाला आपण फळ म्हणतो खरे, पण ती ओकाच्या जातीच्या झाडावर कीटकाने अंडी घातल्यामुळे उठलेली गाठ असते, नावावरून द्रव्याची जात ठरवू नये, याचा तो जुना दाखला आहे.) पुढे महाविद्यालयात औषधाचे प्रमाण, रोग्याचे वय आणि परिणाम यांच्या परस्परसंबंधावरची पहिली व्याख्याने ऐकताना मला ती सहाण डोळ्यांपुढे दिसत असे. पोट बिघडले, की याच आजीच्या डब्यातून कच्च्या बेलफळाच्या वाळवलेल्या काचऱ्या निघत आणि त्यांचा काढा होई. अंगावर पित्त उठले, की आमसूल कोळून ते पाणी अंगाला चोळले जाई. परंतु बेलाच्या काढ्याने किडे मरतात, असे ती कधी म्हणाल्याचे मला स्मरत नाही. याने मुरडा थांबतो, पोटाला आधार येतो, एवढेच ती म्हणे. आयुर्वेदानेही कच्च्या बेलाला ग्राही (मळ बांधणारा) आणि दीपन (भूक चेतवणारा) म्हटले आहे, आणि बहुतेक फळे पिकल्यावर गुणवान होत असता बेल मात्र कच्चा असतानाच औषधी, असा अपवाद आवर्जून नोंदवला आहे. हे शब्द मी पुढे पुन्हा आठवणार आहे.

या फळांचा दस्तऐवज आपल्या इलाख्यात जुना आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात राहून लिहिलेला आणि १५६३ साली गोव्यातच छापलेला संवादरूप ग्रंथ हिरडा-बेहडा-आवळ्याच्या वर्गातील फळांना स्वतंत्र प्रकरण देतो; बेलाच्या शास्त्रीय नावातील ‘मार्मेलॉस’ हा अंशही पोर्तुगीजांनी त्याला आपल्याकडच्या मार्मेलो या फळाची उपमा दिल्यामुळे चिकटला. एकोणिसाव्या शतकात मुंबईत सरकारी औषधभांडाराचा कारभार पाहणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानातील वनस्पतिज औषधांचा तपशील ग्रंथरूपाने जमवला. या मंडळींना जीवाणूंची ओळख नव्हती किंवा जेमतेम होती. म्हणून त्यांच्या नोंदी फळाने रोग्याचे काय झाले, एवढेच सांगतात, आणि माझ्या मते तोच त्यांचा गुण आहे.

आता जठरातील त्या जीवाणूकडे वळू. जठरात इतके तीव्र आम्ल असते, की तेथे कोणताही जीवाणू वस्तीला राहणे शक्य नाही, अशी वैद्यकाची विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पक्की समजूत होती. आणि जठरव्रण झाला, की तिखट, चिंता आणि आम्लाधिक्य या तिघांवर फिर्याद दाखल करून प्रकरण निकालात काढले जाई. १९७९ साली ऑस्ट्रेलियातील रॉयल पर्थ रुग्णालयात रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञाला जठराच्या सुजलेल्या अस्तराच्या कापांत मळसूत्रासारखे वळलेले जीवाणू वारंवार दिसू लागले. पुढे बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्याला येऊन मिळाला. दोघांनी जीवाणू वाढवण्याचा प्रयत्न पुष्कळ वेळा केला, परंतु प्रयोगशाळेच्या वहिवाटीप्रमाणे दोन दिवसांत काही उगवले नाही की बशी टाकून दिली जाई. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा नेहमीपेक्षा अधिक दिवस उबेतच राहिल्या, आणि परत आल्यावर तो मंदगतीने वाढणारा जीवाणू हाती लागला. तरीही वैद्यकविश्व मानीना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी त्या जीवाणूंचे पाणी स्वतः प्राशन केले, थोड्याच दिवसांत त्यांना जठरदाह झाला, आणि दुर्बिणीच्या तपासणीत तो सिद्ध झाला. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी १९९४मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने या जीवाणूची, म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरीची, गणना कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली होती.

या जीवाणूच्या राहणीचा तपशील ज्याने समजून घेतला नाही, त्याने त्याच्यावरच्या औषधाविषयी बोलू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. तो जठराच्या पोकळीत उघड्यावर राहत नाही. युरिएझ नावाच्या विकराने तो युरियाचा अमोनिया करतो, त्या अमोनियाचे कवच भोवती बाळगून आम्लातून मार्ग काढतो, शेपट्यांच्या बळावर श्लेष्मल थरात स्क्रूसारखा शिरतो, आणि खाली अस्तराच्या पेशींना आपल्या विशिष्ट चिमट्यांनी धरून ठाण मांडतो. एकदा ताबा मिळाला, की तो बहुधा आयुष्यभर बेदखल होत नाही. जगातील सुमारे निम्म्या लोकांच्या पोटात तो आहे, आपल्या देशात प्रौढांपैकी निम्म्याहून अधिकांच्या. आणि बहुतेकांना तो बालपणीच, दाटीवाटीच्या घरात आणि अशुद्ध पाण्यातून लाभलेला असतो. मात्र त्यातील दहांपैकी एकादोघांनाच व्रण होतो. म्हणजे बहुसंख्य माणसांच्या पोटात हा भाडेकरू कुरबूर न करता राहतो. आणि कोणाला कधी उठवायचे हा प्रश्न केवळ मारण्याचा उरत नाही.

जेथे त्याला घालवणे आवश्यक ठरते, तेथे आम्ल रोखणारी एक गोळी आणि दोन प्रतिजैविके, किंवा त्यांच्या जोडीला बिस्मथ, अशी चौदा दिवसांची व्यवस्था करतात. ही औषधे मी कमी लेखत नाही. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पुढे आपल्या मातीत पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हा न्यूमोनियाने, सूतिकाज्वराने घरे रिकामी होताना पाहिलेल्या पिढीला काय वाटले असेल, याची कल्पना आजच्या तरुणांना देणे कठीण आहे. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत हॅमायसिन हे बुरशीनाशक सापडले, आणि त्याच्या नावात कारखान्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे कायमची गोवली गेली. परंतु ज्या देशाने ही औषधे एवढ्या अभिमानाने घडवली, त्याच देशाने ती चणेफुटाण्यासारखी वाटली. आव पडली की औषधाच्या दुकानातून मेट्रोनिडॅझोल मागून आणायचे आणि दोन दिवसांनी बरे वाटले की उरलेले डब्यात ठेवायचे, ही आपल्या घरोघरची रीत. तिचा परिणाम असा, की जठरातील या जीवाणूवर मेट्रोनिडॅझोल आपल्याकडे पुष्कळदा निरुपयोगी ठरते. क्लॅरिथ्रोमायसिनाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे : जीवाणूच्या प्रथिने घडवणाऱ्या यंत्रातील एका अक्षराचा बदल झाला, की औषधाला बसायला जागाच उरत नाही. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने नव्या औषधांची निकड असलेल्या जीवाणूंची यादी केली, तीत क्लॅरिथ्रोमायसिनाला न जुमानणाऱ्या या जीवाणूचा समावेश वरच्या अग्रक्रमाने होता. प्रतिरोधी जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू घडले, असा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे. सरकारने २०१३मध्ये अनेक प्रतिजैविके कडक अनुसूचीत घातली, २०१६मध्ये औषधांच्या पट्टीवरील तांबड्या रेघेची मोहीम काढली. पण रेघ वाचणारे डोळे आपण अजून घडवलेले नाहीत.

अशा स्थितीत लोकांची दृष्टी फळांकडे वळली, यात आश्चर्य नाही. आश्चर्य वाटते ते आम्हा संशोधकांच्या घाईचे. मी स्वतः तरुणपणी ती घाई केली आहे, आणि तो प्रसंग येथे सांगितलाच पाहिजे. आमसुलाचा पाण्यातील अर्क कागदाच्या टिकलीवर घेऊन मी तो आतड्यातील जीवाणूंच्या बशीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती असे स्वच्छ, असे रेखीव वलय पडले होते, की मी त्याच आठवड्यात निबंध लिहून धाडून दिला. माझ्या गुरूंनी तो वाचला आणि एकच प्रश्न केला : अर्काची आम्लता मोजलीस का? मी मोजली नव्हती. खाण्याचा सोडा घालून अर्क उदासीन केला आणि प्रयोग पुन्हा मांडला, तेव्हा वलय जवळजवळ नाहीसे झाले. जे मारत होते ते कोकमाचे आंबटपण होते. लिंबाने, चिंचेने, शिरक्याने तेच केले असते. निबंध मी परत मागवला. आणि ज्या जीवाणूने जठराच्या आम्लातच बिऱ्हाड केले आहे, त्याला कोकमाच्या आंबटाची काय पत्रास! आजही आपल्याकडे येणाऱ्या निबंधांत कवठ, आवळा, कोकम, करवंद यांच्या अर्कांची वलये मिलिमीटरमध्ये मोजलेली असतात आणि आम्लतेचा आकडा कोठेच नसतो. हा आकडा नसलेला निबंध या परिषदेच्या अंकात स्वीकारू नये, अशी माझी संपादक मंडळाला जाहीर विनंती आहे.

आम्लतेची अडचण ओलांडूनही काही फळे उभी राहतात, हे मी तितक्याच आनंदाने सांगतो. २००१ साली इराणमधील संशोधकांनी हिरड्याच्या पाण्यातील अर्काने हेलिकोबॅक्टरची वाढ थांबते, असे दाखवले. एका लिटरला १२५ मिलिग्रॅम हे प्रमाण त्यांना पुरले, अर्क १२१ अंशांवर अर्धा तास तापवूनही त्याचा गुण गेला नाही, आणि अधिक प्रमाणात घेतल्यास तो जीवाणूच्या युरिएझलाच अडवतो, असे आढळले. कोकमाच्या सालीतील गार्सिनॉल हे पिवळे द्रव्य अमेरिकेत २००३ साली क्लॅरिथ्रोमायसिनाच्या तुलनेत तपासले गेले, आणि बशीतील जीवाणू त्यानेही मेले. पण विचार बशीपाशी थांबता कामा नये. पाव लिटर पाण्यात लिटरला १२५ मिलिग्रॅम हे प्रमाण गाठायला हिरड्याच्या अर्काचे सुमारे ३१ मिलिग्रॅम पुरतात, म्हणजे चिमटीहूनही थोडे. तेव्हा द्रव्याची टंचाई नाही. टंचाई वेळेची आहे आणि वाटेची आहे. रिकाम्या पोटी घेतलेल्या पाण्याचा निम्मा भाग पंधरावीस मिनिटांत पुढे आतड्यात सरकतो; बशीत तोच अर्क जीवाणूंवर दिवसेंदिवस बसून होता. शिवाय हिरड्यातील तुरट द्रव्यांची मूळ प्रकृतीच प्रथिनांना चिकटण्याची. चामडे कमावायला हिरडा वापरतात तो याच गुणामुळे. जठरात शिरताच ती अन्नातील प्रथिनांना आणि श्लेष्म्याच्या वरच्या थराला चिकटतात, आणि खाली अस्तराशी बसलेल्या जीवाणूपर्यंत त्यांचा फारच थोडा अंश पोहोचतो. रक्तातून फिरून मागच्या दाराने तेथे येणेही त्यांना साधत नाही, कारण ती आतड्यातून जवळजवळ शोषलीच जात नाहीत. मोठ्या आतड्यातील जीवाणू त्यांचे तुकडे करतात आणि त्यातील काही मात्र रक्तात उतरतात. प्रतिजैविकाला हे दोन्ही मार्ग खुले असतात.

म्हणूनच माणसांवर केलेल्या चाचणीचे मोल मी सर्वांत अधिक मानतो. चीनच्या शानदोंग प्रांतातील लिंचू परगण्यात जठराचा कर्करोग फार. तेथे १८९ संसर्गित प्रौढांना दोन गटांत वाटून एका गटाला क्रॅनबेरीचा २५० मिलिलिटर रस आणि दुसऱ्याला तसेच दिसणारे नुसते पेय, दिवसातून दोनदा, ९० दिवस दिले, आणि श्वासपरीक्षेने संसर्ग मोजला. २००५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : रस घेणाऱ्या ९७पैकी १४ जणांची परीक्षा नकारात्मक आली, दुसऱ्या गटातील ९२पैकी ५ जणांची. फरक खरा आहे. पण शंभरांत चौदा म्हणजे औषध नव्हे, आणि चौदा दिवसांच्या योग्य गोळ्यांनी शंभरांतील बहुसंख्य बरे होतात, हे आपण विसरू नये. मात्र याच फळावर इस्रायलमध्ये त्याआधी झालेले काम अधिक उद्बोधक आहे. क्रॅनबेरीतील एका मोठ्या रेणूच्या अंशाने जीवाणू मेला नाही. जठराच्या श्लेष्म्याला धरण्याची त्याची शक्ती तेवढी गेली. चिमटे बोथट झाले! जाता जाता एक इशारा देतो. आपल्या बाजारात रंगवून गोड केलेली करवंदे चेरी म्हणून तर विकली जातातच, पण क्रॅनबेरीच्या नावानेही खपवली जातात. करवंद हे गुणी फळ आहे, त्याने स्वतःच्या नावाने उभे राहावे. क्रॅनबेरीवर मिळवलेला पुरावा त्याच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

आता ज्यासाठी मी हा सगळा प्रवास केला, त्या बेलाकडे येतो. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेतील संशोधकांनी कच्च्या बेलफळाच्या वाळवलेल्या गराचा काढा, म्हणजे माझ्या आजीच्या काचऱ्यांचाच काढा, अतिसार घडवणाऱ्या सहा जीवाणूंवर तपासला, आणि २००९ साली जे प्रसिद्ध केले ते वाचून मी त्या रात्री झोपलो नाही. पटकी, आमांश आणि अतिसाराच्या त्या सहा जीवाणूंपैकी एकही मेला नाही. आपल्या नेहमीच्या परीक्षेत बेल सपशेल अनुत्तीर्ण! पण त्या संशोधकांनी पुढचे प्रश्न विचारण्याची शहाणीव दाखवली. जीवाणू पेशीला चिकटतात काय? कमी चिकटले. पेशीच्या आत शिरतात काय? कमी शिरले. पटकीचे विष तयार होते काय? कमी झाले, आणि जे झाले ते पेशीवरच्या आपल्या खुंटीला नीट अडकले नाही. सापाला न मारता गारुडी त्याचा विषदंत काढतो, तसे हे काम आहे.

हे समजून घ्यायला आपल्याच देशातील एका उपेक्षित शास्त्रज्ञाचे स्मरण करावे लागते. १९५९ साली कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी पटकीच्या जीवाणूंचे वाढद्रव गाळून, त्यातला प्रत्येक जीवाणू काढून टाकून, ते सशाच्या बांधलेल्या आतड्यात घातले, आणि जीवाणू नसतानाही आतडे पाण्याने फुगले. पटकीने माणूस मरतो तो जीवाणूच्या संख्येने नव्हे, तो सोडत असलेल्या विषाने, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पुढे १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा यांचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आणले. त्या पाण्याने एकही जीवाणू मेला नाही, माणसे वाचली. जीवाणूचा संहार आणि रोग्याचे रक्षण या दोन बाबी एकच आहेत, असे मानण्याची जी सवय आम्हाला प्रतिजैविकांच्या पहिल्या विजयाने लागली, तिच्यामुळे आम्ही आजीचे वाक्य ऐकेनासे झालो. ती म्हणत होती, मुरडा थांबतो. आम्ही विचारत होतो, किती जंतू मेले?

प्रतिजैविक हा शब्द आपल्या भाषेत रुळला तसा या दुसऱ्या प्रकारच्या द्रव्यांनाही शब्द हवा; मी ‘प्रभावहारक’ हा सुचवतो, जाणकारांनी त्याहून चांगला द्यावा. प्रभावहारक द्रव्य जीवाणूला जगू देते, म्हणून प्रतिरोधाचे बळ वाढवणारी निवड त्याच्याकडून कमी घडावी, अशी त्यामागची उपपत्ती आहे. ते एकट्याने पायलोरी घालवणार नाही. पण अतिसारात, जेथे बहुतेक वेळा प्रतिजैविकाची गरजच नसते आणि तरीही ते दिले जाते, तेथे मीठ-साखरेच्या पाण्याच्या जोडीला बेल उभा राहिला तर कित्येक गोळ्या वाचतील. आणि वाचलेली प्रत्येक गोळी उद्या एखाद्या व्रणाच्या रोग्याच्या उपयोगी पडेल. फळांकडून प्रतिजैविकांचे रक्षण होऊ शकते, पण ते या वाटेने.

वाट चुकली तर काय होते, तेही मी जवळून पाहिले आहे. माझ्या परिचयाच्या एका पन्नाशीच्या गृहस्थांना श्वासपरीक्षेत संसर्ग सिद्ध झाला आणि चौदा दिवसांची औषधे सुरू झाली. पाचव्या दिवशी तोंडाला धातूसारखी कडवट चव येऊ लागली, भूक गेली. कोणीतरी एका फळाच्या अर्काची बाटली आणून दिली आणि गोळ्या बंद झाल्या. दोन महिन्यांनी शौचास काळी झाली, घेरी येऊन ते अंगणात पडले, रक्त चढवावे लागले. आणि दुसऱ्या खेपेस तीच प्रतिजैविके देण्यात अर्थ उरला नव्हता, कारण अर्धवट मात्रेने जीवाणू शहाणा झाला होता. त्यांच्या पत्नीने मला विचारले, फळानेच अपाय केला का? फळ निर्दोष होते. फळाच्या नावाने दिलेल्या कौलाने अपाय केला.

बाटलीत फळ असतेच, अशीही खात्री बाळगू नये. ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क निसर्गाचे प्रतिजैविक म्हणून जगभर खपत होता. जर्मनीत १९९९ साली बाजारातील सहा अर्कांची शहानिशा झाली, तेव्हा ज्या पाचांनी जंतू मारले त्या पाचांतही बेंझेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक निघाले, आणि ज्यात ते नव्हते तो सहावा अर्क व संशोधकांनी स्वतः बिया वाटून काढलेले अर्क निष्प्रभ ठरले. ज्या फळात खरोखर प्रभाव आहे तेही बिनशर्त निरुपद्रवी नसते : त्याच ग्रेपफ्रूटचा रस रक्तदाबाच्या फेलोडिपीनसारख्या औषधाचे रक्तातील प्रमाण घातक इतके वाढवू शकतो, आणि कोकमाच्या कुळातील एका फळाच्या संहत अर्काच्या गोळ्या वजन उतरवण्यासाठी घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पानातली सोलकढी आणि बाटलीतला शंभर पट आटवलेला अर्क यांना एकच सनद देता येत नाही. आजी जायफळाचा अर्धाच वळसा का घेई, हे ज्याला उमगले त्याला याहून अधिक सांगणे नको.

शेवटचा मुद्दा फळ जमवणाऱ्या हातांचा. जुन्नर, आंबेगाव आणि अकोल्याच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे झाडावरून कोवळा बाळहिरडा उतरवून उन्हात वाळवतात. वर्षाच्या रोकड उत्पन्नाचा मोठा भाग त्यातून येतो, आणि २०२०च्या जूनमधील चक्रीवादळात ती झाडे मोडली तेव्हा त्यांच्या घरातला वर्षाचा पैसा मोडला. बाळहिरडा आणि पक्व सुरवारी हिरडा यांच्यातील तुरट द्रव्यांचे प्रमाण सारखे नसते, हे त्यांना जिभेने कळते. आमच्या निबंधांत मात्र ‘हिरडा, बाजारातून आणला’ एवढीच नोंद असते. कोकमाचेही तेच. रातांबा फोडून साल वेगळी काढतात, मीठ घातलेल्या रसात ती बुडवून उन्हात घालतात, वाळली की पुन्हा बुडवतात. अशी किती पुटे दिली, किती उन्हे लागली, यावर आमसुलातील आम्ल, रंग आणि बाकीची द्रव्ये ठरतात. गार्सिनॉल स्निग्धात विरघळणारे आहे, पाण्यात फारसे उतरत नाही. तेव्हा आमसुलाच्या साराच्या मानाने नारळाच्या रसातील सोलकढीत ते किती येते, हे मोजण्याजोगे आहे, आणि मोजायचे तर आधी आमसूल कसे केले ते ठाऊक हवे.

गेल्या वैशाखात लांज्याच्या पलीकडच्या एका वाडीत मी थांबलो होतो. अंगणभर सोले पसरलेली होती आणि घरातील वृद्ध बाई ओटीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढत होत्या : आडवी रेघ म्हणजे पूट, उभी म्हणजे ऊन, ज्या दिवशी आभाळ आले त्या दिवशी टिंब. मी विचारले, “काकी, ह्या किती वर्षांच्या रेघा?” त्या म्हणाल्या, “भिंत सारवतो तेव्हा जातात, पुन्हा लिहितो.” यंदा रातांबे पिकू लागताच, सारवण होण्याआधी, ती भिंत वहीत उतरवून घेण्यासाठी आणि प्रत्येक पुटाचा नमुना त्यांच्या परवानगीने, योग्य मोबदला देऊन आणण्यासाठी मी तेथे जाणार आहे. आपल्यापैकी ज्यांना बरोबर यावयाचे असेल, त्यांनी दुपारच्या सत्रापूर्वी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत. आम्लता मोजण्याचे यंत्र मी आणीन, खाण्याचा सोडा आपण आणावा.